डूल आणि सदरा

मस्कत
६ सप्टेंबर २०२४, शुक्रवार

तीर्थस्वरूप आत्याबाईंस प्रियंकाचा साष्टांग नमस्कार.

फोनवर तुमाला ऐकू येत न्हाई आन् व्हिडिओ लावला की "लय वाळलीस गं माय" म्हनून तुमी नुसतं रडताव. म्हनून आता पत्रच लिहायचं ठरवलंय. मी कागदाचा फोटो काढून स्टेशनजवळच्या दत्ताच्या मोबाईलवर टाकते, तो दुकानात छापून देईल. तुमीबी लिहा. चौथी शिकलाव ते काय नुसतं खताच्या पिशवीवरचं वाचायला?

मी चांगली हाव. घर मोठं हाय. मॅडम, तिचा नवरा, दोन लेकरं आन् नवऱ्याची आई. तिला समदे अम्मा म्हनतेत. अम्माला अर्धांग झालंय. तिला न्हाऊ घालायचं, जेवू घालायचं, कूस बदलायची, हेच माझं काम. पावसाळ्यात परभणीच्या दवाखान्यात आया म्हनून राबले ते कामाला आलं. आन् परभणीची हिंदी तर त्याहून कामाला आली. अम्माला ती अर्धी कळते, बाकीचं आमी हातानं बोलताव.

काल मॅडमनं विचारलं, तुमची दिवाळी कधी असते? इथं कामवाल्या बायांना ईदला कपडे आन् वरून एक पगार देतेत. पन मॅडम म्हनली, तुझा मोठा सण दिवाळी, तर मी दिवाळीलाबी देनार, तुझ्या मुलीला काय आवडतं ते सांग. मी म्हनले, विचारून सांगते. तर निकिताला विचारा. तिचं दहावीचं साल हाय, अभ्यासाचं काही लागत असलं तर तेच मागू.

एक काम सांगून आले होते ते केलंत का? माझा फडातला चौकड्याचा सदरा बुजगावण्याला घाला म्हनले होते. सात हंगाम त्या सदऱ्यात ऊस तोडला. आता तो मला घरात नको. माझ्या पोरीच्या हातात कोयता येऊ नये म्हनून मी समुद्र ओलांडून आले, एवढं ध्यानात ठेवा.

महालक्ष्म्यांना माझ्या नावानं हळदीकुंकू वाहा.

तुमची सून,
प्रियंका


चुडावा
२२ सप्टेंबर

चि. सौ. प्रियंकास छबूबाईचा आशीर्वाद.

तुझं कागद पोचलं. दत्तानं छापून दिलं, वरून म्हनला, मावशी आता तुमी लेखक झालाव. त्याला म्हनलं, गप ऱ्हा मेल्या, तुझ्या आईला मीच हळद लावलेली.

इकडं समदं ठीक हाय. सोयाबीनला पान्यानं झोडपलं पन पोटापुरतं निघंल. परमू रोज मुकादमाकडं खेटे घालायलाय. त्याचं काय हाय, नवरा-बायकू मिळून एक कोयता. तू न्हाईस तर परमू अर्धा कोयता झाला. अर्ध्या कोयत्याला टोळीत कुनी इचारत न्हाई, कुत्रं हाल खात न्हाई. बगू काय होतंय ते.

दिवाळीचं इचारलंस तर आईक. तुझे सासरे वारल्यावर मी माणिकरावाच्या घरी भांडी घासायचे ते तुला ठाव हाय. नर्मदाबाई मालकीन सोभावानं वाईट न्हवती. पन दिवाळीची पोस्त म्हनून दरसाल तिचं नेसलेलं लुगडं द्यायची. "छबू, धड हाय अजून, तीन वर्सं नेसशील." मी नेसायचे. एकदा परमू, तवा लहान व्हता, तिच्याच वाड्यात मोठ्यांदा म्हनला, "माय, तू मालकिनीचं लुगडं कामून नेसलीस?" समद्या बाया हसल्या. भुई फाटून आत घ्यावं असं झालं मला. आजवर नव्या लुगड्याची घडी मी मोडली न्हाई, लेकीच्या लग्नातबी उसनंच नेसले.

म्हनून सांगते, उतरलेलं कापड घिऊ नको. नगदबी घिऊ नको, नगद आलं की चार हातांनी जातं. सोन्याची एखादी बारीक वस्तू माग पोरीला. वस्तू ऱ्हाती.

सदरा ठिवलाय. चांगला हाय अजून, फेकायला जीव होत न्हाई.

तुझी आत्या,
छबूबाई

आई, मी निकिता. हे पत्र आजीनं स्वतः लिहिलं. एका ओळीला एक चहा लागतो तिला. मला कानातले डूल आवडतील, पण छोटे, म्हणजे शाळेत चालतील. गणिताला नवीन सर आलेत, छान शिकवतात. तू जेवत जा वेळेवर.


मस्कत
२५ ऑक्टोबर, शुक्रवार

आत्याबाईंस नमस्कार.

डूल घेतले! काल मॅडम मला गाडीत बसवून सोनाराच्या दुकानात घेऊन गेली. "तू निवड, तुला मुलीचा कान माहीत." आत्याबाई, जिंदगीत पहिल्यांदा सोनाराच्या दुकानात मी काही मोडायला न्हाई, घ्यायला गेले. फुलाचे हायत, बारीक, मधी लाल खडा. मॅडमनं डबीला रिबीन बांधून दिली आन् एकच अट घातली: निकितानं ते घातलेला फोटो तिला पाहिजे. अम्मालाबी दाखवायचाय. अम्मा रोज इशारा करून विचारते, तुझी मुलगी किती उंच? मी खांद्यापर्यंत हात लावून दाखवते.

जीवनभाऊ, आपल्या परभणीचा, इथं गाडी चालवतो, तो नोव्हेंबरच्या शेवटी सुट्टीवर येनार हाय. त्याच्याकडं डबी देते. दिवाळी होऊन गेलेली असंल, पन चालतंय. तुमी म्हनलात तसं झालं, वस्तू ऱ्हाती.

तुमच्या लुगड्याचं वाचून वाईट वाटलं. एवढे दिवस एका चुलीवर जेवलाव, पन हे कधी बोलला न्हाईत.

दहावीचा फॉर्म भरला का निकिताचा? शाळेतल्या बाईंना माझा नमस्कार सांगा. दिवाळीत तिला जास्ती कामाला लावू नका. शंकरपाळे शेजारच्या पार्वतीबाईकडून तळून घ्या.

प्रियंका


चुडावा
१४ नोव्हेंबर

चि. सौ. प्रियंकास आशीर्वाद.

दिवाळी झाली. लक्ष्मीपूजनाला पोरीनं अंगनात रांगोळी काढली, पार्वतीबाई बगायला आली व्हती. भाऊबीजेला तुझा भाऊ येऊन गेला, तुझी आठवन काढून डोळं पुसत व्हता.

परमू टोळीबरूबर गेला. सांगलीकडं हाय फड. आश्रुबा मुकादमानं घेतलं बाबा त्याला. गावातली निम्मी घरं कुलपात हायत. आता मी आन् शेळी, दोघीच.

निकिताला परभणीला वसतिगृहात ठिवलं. मी एकली म्हातारी, कानानं बहिरी, माझ्यानं जवान पोर सांबाळनं व्हत न्हाई. तिथं पोरींना फोन ठिवू देत न्हाईत, लय कडक हाय. तवा शुक्रवारी तिचा फोन येनार न्हाई, फिकीर करू नको. फॉर्म भरलाय. बाईंनीच भरला.

डूल येऊ दे. फोटूचं बगू. मॅडमला सांग, लेकरू अभ्यासात हाय.

छबूबाई


मस्कत
२९ नोव्हेंबर, शुक्रवार

आत्याबाईंस नमस्कार.

जीवनभाऊ पोचला म्हनून फोन आला. डबी तुमच्या हातात दिली म्हनला. म्हनला, घरात मावशीच होत्या, मावशीचं तोंड उतरलेलं होतं. बरं हाय का तुमाला? गुडघ्याचं तेल संपलं असंल तर दत्ताला सांगून आना.

वसतिगृहाचं नाव तुमी कळवलं न्हाई. यांना फोनवर विचारलं तर म्हनतेत, "मायला ठाव, मी फडावर हाव." दर वेळी मागं टॅक्टरचा आवाज येतो आन् फोन बंद. निकितानं तुमच्या पत्राखाली दोन वळी लिहिल्या होत्या मागच्या वेळी, त्या मी उशीखाली ठेवल्यात. रविवारी परभणीला जाऊन तिच्याकडून दोन वळी लिहून आना. रेल्वेनं कितीसा वेळ लागतोय?

मॅडमनं आज परत विचारलं, फोटो आला का? आता मलाच शरम वाटायलीय. माणसं चांगली हायत आत्याबाई, दिलेलं पोचलं का एवढंच बगायचं असतं त्यांना.

प्रियंका


चुडावा
१९ डिसेंबर

चि. सौ. प्रियंकास आशीर्वाद.

फोटू दत्तानं पाठवलाय. डूल पोरीला लय शोभतेत. मॅडमला दाखव. आमच्याकडून सलाम सांग.

थंडी लय पडलीय. जास्ती लिहीत न्हाई, हात वळत न्हाईत.

छबूबाई


मस्कत
२० डिसेंबर, शुक्रवार

आत्याबाई,

नमस्कार लिहायला हात होईना.

फोटो बगितला. गळ्यापासून वरचाच काढलाय. मागं नुसतं आभाळ. केसावर फडकं बांधलेलं, कानात डूल. मी आधी डूलच बगितले. येडी मी. मॅडमला दाखवला, ती "माशाल्ला" म्हनली, अम्मानं डाव्या हातानं फोटोवरून बोट फिरवलं. मग मॅडमनं गळ्याजवळ बोट ठेवून विचारलं, "ये इसके स्कूल का ड्रेस है?"

तवा मला दिसलं. चौकड्याची कॉलर. वरचं बटन लाल. ते बटन निकिताच्या पहिल्या झबल्याचं हाय, मी सोताच्या हातानं काढून त्या सदऱ्याला लावलं होतं, कारन पाचट कॉलरीतून आत शिरतं आन् मानेला कापतं. माझा सदरा हाय तो. माझा फडातला सदरा माझ्या पोरीच्या अंगावर हाय.

मी मॅडमला "हां" म्हनले. शाळेचा ड्रेस हाय म्हनले. मग न्हाणीघरात गेले आन् नळ सोडून रडले.

वसतिगृह! फोन ठिवू देत न्हाईत! किती नेटानं लिहिलंत तुमी. अर्धा कोयता पुरा करायला नवऱ्याला बायकू मिळंना म्हनून लेक नेली. बापलेकीचा कोयता. आन् तुमी भाकरी बांधून दिली असंल. तिचे हात कसे झाले असतेल ते मला कुनी सांगायची गरज न्हाई. उसाचं पान कसं चिरतं, सकाळी दवात बोटं कशी उघडत न्हाईत, समदं मला ठाव हाय. मी इथं परक्याच्या आईला गरम पान्यानं न्हाऊ घालते आन् माझं लेकरू पहाटं थंडीत मोळ्या उचलतंय.

तुमी तिची आजी हाव का मुकादम हाव?

फेब्रुवारीत तिची परीक्षा हाय. तिला आना. कसंबी करून आना. न्हाईतर माझ्याशी बोलू नका.

प्रियंका


मस्कत
१७ जानेवारी २०२५, शुक्रवार

आत्याबाई,

महिना होत आला, तुमचं उत्तर न्हाई. दत्ता म्हनतो, कागद दिला, मावशीनं वाचला, घडी करून कंबरेला खोचला आन् घराकडं गेली. यांचा फोन लागत न्हाई. एकदा लागला तर म्हनले, "तू तिथून काय बोलतीस, इथं येऊन बग." लागलीच बंद केला.

मी मॅडमकडं गेले. म्हनले, ईदला तुमी मला जे देनार हाव ते आत्ता द्या, कपडे नको, पगार नको, फक्त तिकीट द्या, मी पोरीला शाळेत सोडून परत येते. मॅडमनं समदं ऐकून घेतलं. मग म्हनली, ईदचं ईदलाच. तिकीट दोन वर्षांनी, तसा करार हाय. अम्माला तुझ्याशिवाय कुनी चालत न्हाई, तू गेलीस तर अम्मा जेवनार न्हाई. तिचंबी खोटं न्हाई. अम्मा खरंच दुसऱ्याच्या हातानं घास घेत न्हाई.

शेजारच्या बंगल्यात लिंडा नावाची बाई हाय, तिला नाताळाला बोनस मिळाला. तिनं त्यातून केक आनला आन् मला खाऊ घातला. म्हनली, तुला दिवाळीला सोनं मिळालं, तू नशीबवान. सोन्याची सुरी झाली म्हनून कुनी उरात खुपसून घेतं का? मी घेतली. ते डूल मागितले नसते तर फोटो आला नसता, आन् मी आनंदात ऱ्हायले असते. हाच इचार येतो आन् मग सोताचीच लाज वाटते.

मागच्या पत्रात मी लय बोलले. मुकादम म्हनले. तो शब्द मागं घेत न्हाई, पन हात जोडते. तुमी तिच्या आजी हाव. माझ्या बाळंतपनात तिला पहिल्यांदा तुमीच उचललं. आता एकदा अजून उचला. माझ्याकडं तिथं दुसरं कुनी न्हाई.

प्रियंका


सांगलीकडचा फड
२७ फेब्रुवारी

चि. सौ. प्रियंकास छबूबाईचा आशीर्वाद.

हे कागद मी कोपीत बसून लिहायलेय. कोपी म्हंजे आपलीच, तू सात हंगाम ऱ्हायलीस तसली. पाचटाची. परमू फोटू काढून पाठवंल, रेंजसाठी त्याला बांधावर जावं लागतं.

आधी पोरीचं सांगते, न्हाईतर तू पुढचं वाचायची न्हाईस. निकिता गावाकडं हाय. पार्वतीबाईकडं निजती, तिच्याच घरी जेवती. शाळेतल्या बाईंनी नाव काढलं न्हवतं, फॉर्म भरलेला खराच व्हता, ते मी खोटं लिहिलं न्हवतं. मराठीचा पेपर झाला. आठवड्यामागं पार्वतीबाईनं फोनवर परमूला सांगितलं, पोर पहाटं उठून वाचायली. पास का नापास मला ठाव न्हाई. अडीच महिने पुस्तक हातात न्हवतं, त्याचं माप पदरात पडंलच.

आता माझं आईक. तुझं मुकादम म्हनलेलं कागद वाचलं तवा लय राग आला. म्हनलं, हिला बोलायला काय जातंय, गार हवेच्या खोलीत बसून? तुझ्या विजाला एजंटला दिलेलं पैसं कुठून आलं, तुला ठाव न्हवतं. परमूनं मुकादमाकडून पुऱ्या कोयत्याची उचल घेतली व्हती, तू जायच्या आधीच. तू गेलीस आन् कोयता अर्धा झाला. दिवाळीत आश्रुबा दारात येऊन बसला, म्हनला, जोडी आन न्हाईतर उचल आन. पोर सोताच म्हनली, "आजी, मी जाते, आईला सांगू नका." दगडाखाली हात व्हता माझा. म्हनून खोटं लिहिलं. माझं चुकलं असं म्हनायला अजूनबी जीभ उचलत न्हाई.

मग संक्रांत झाल्यावर तिळगूळ घिऊन फडावर आले, नातीला बगायला. दुरून बगितलं तर मला वाटलं तूच चाललीस. तोच सदरा, तीच चाल, डोक्यावर मोळी. फळीवरून टॅक्टरवर चढायली. मी हाक मारली. जवळ आली तर तिचे कान मोकळे. म्हनलं, गावच्या मानसाबरूबर धाडलेले डूल कुठं गं? तिनं ओढनीची गाठ सोडून दाखवली. म्हनली, "पानात अडकून कान ओढतो आजी. फोटोपुरते घातले, मग बांधून ठेवले. गाठीत असले की आई जवळ असल्यासारखी वाटते." माय गं! आईनं धाडलेली दिवाळी गाठीत बांधून पोर ऊस वाहायली. मी तिथंच बांधावर बसले.

त्याच दिवशी परमूला म्हनलं, पोर गावाकडं जाईल, कोयत्याला मी उभी ऱ्हाते. तो वरडला, "माय, तू मरशील." म्हनलं, मरन, पन तिच्या अगुदर मरन, उलटं न्हाई. आश्रुबा हसला. म्हनला, "म्हातारे, तुला जमंल का?" त्याला म्हनलं, मी तुझ्या बापाच्या टोळीत तोडलाय ऊस, तवा तू कोपीत झोळीत मुतत व्हतास. टोळी हसली, मग त्यानं मंजूर केलं. टोळीतल्या कमलबाईचा भाऊ गावाकडं निघाला व्हता, त्याच्यासंगं पोरीला धाडून दिलं. जाताना लय रडली. सदरा काढून माझ्या अंगावर घातला तिनं, वरचं बटन लावलं, म्हनली, "हे लावलं की मान कापत न्हाई."

गुडघा बोलतो, पन चालतंय. परमू जड मोळ्या सोता उचलतो, मला हलक्या देतो. आपलेच दात, आपलेच ओठ. त्याला जास्ती बोलू नको. तोबी आतून जळायलाय.

तुझी ईद आली असंल जवळ. मॅडमनं इचारलं काय पाहिजे, तर एक मागशील का? पुऱ्या बाह्याचा जाड सदरा, गड्यामानसाचा. तुझा हा कोपरावर पार फाटलाय, पान आत शिरतं. तवा मालकिनीचं उतरलेलं नेसले, आता सुनेचं उतरलेलं घालायलेय. पन याची लाज वाटत न्हाई, देवाशप्पथ सांगते.

तुझी आत्या,
छबूबाई


मस्कत
४ एप्रिल, शुक्रवार

तीर्थस्वरूप आत्याबाईंस प्रियंकाचा साष्टांग नमस्कार.

तुमचं पत्र मी इतक्या वेळा वाचलं की अम्मा विचारायला लागली, कुनाचं हाय? मी म्हनले, माझ्या आईचं. सासू असं हातानं दाखवता येईना आन् दाखवावंसंबी वाटलं न्हाई. रोज तिला हाताला धरून न्हाणीत नेते. ती तुमच्याच वयाची हाय. तिचे पाय धुताना मला तुमचा गुडघा दिसतो, आन् तोंड वळवून घ्यावं लागतं.

फड सुटला आन् तुमी घरी पोचलाव, हे निकितानं फोनवर सांगितलं. लंगडताव म्हनली. पेपरांचं विचारलं तर म्हनली, "आई, गणित अवघड गेलं, पण सगळं सोडवलं." बास झालं मला. निकाल लागंल तो लागंल. नापास झाली तर परत बसंल. पन परत फडावर जानार न्हाई, तीबी न्हाई आन् तुमीबी न्हाई. उचलीचं आता मला आधी विचारायचं, यांनाबी मी सांगितलंय. म्हनले, "बरं." आवाज बसलेला होता. मी जास्ती बोलले न्हाई.

तुमाला मुकादम म्हनले होते. तो शब्द मागं घेते.

सोमवारी ईद झाली. सकाळी मॅडमनं मला समोर बसवलं, कपडे दिले, एक पगार वरून दिला. मग अम्मानं इशारा केला, आन् मॅडमनं विचारलं, अजून काही पाहिजे का, अम्माला तुला सोताकडून द्यायचंय. मला ठाव होतं तुमी काय मागितलंय. तोंडात आलंबी होतं, सदरा. पन मी लुगडं मागितलं. माझ्या सासूला नवं लुगडं. मॅडमला नऊवारी म्हंजे काय ते सांगता सांगता पुरेवाट झाली. तिनं हिंदुस्थानी कापडाच्या दुकानात फोन केला, तर तिथं पाचवारीच. मग अम्मानं तिच्या बटव्यातून पैसे काढून माझ्या मुठीत दाबले, डाव्या हातानं, एकेक नोट. ते मी जीवनभाऊच्या घरी पाठवलेत. त्याची बायको निकिताला घेऊन परभणीच्या बाजारात जाईल. रंग निकिता निवडंल, काठ मोठा घ्या म्हनून मी सांगितलंय. डूल घालून जा म्हनूनबी सांगितलंय.

सदरा मी पाठवत न्हाई, आत्याबाई. असला सदरा आता आपल्या घरात कुनी घालायचा न्हाई. जुना तेवढा बुजगावण्याला घाला, ह्या वेळी खरंच घाला. लाल बटन मात्र काढून ठेवा, ते मला पाहिजे.

लुगडं आलं की कपाटात ठेवू नका. सणाची वाट बगू नका, निकितासाठीबी राखू नका. कुनीच नेसलेलं न्हाई ते. घडी तुमीच मोडा.

तुमची,
प्रियंका